एकोणीस पावलं आणि एक मगर

आपल्याला आयुष्यात दोनच गोष्टी ओळखता आल्या, असं ताई स्वतःच सांगतात: किडलेला दात आणि कंटाळलेलं पोर.

सव्वीस वर्षं त्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायच्या. नाव लिहून घ्यायचं, फोन उचलायचा आणि भेदरलेल्या पोरांना आत नंबर लागेपर्यंत धरून ठेवायचं. भिंतीलगतचं बाकडं मोठ्यांच्या मापाचं. पोरं त्यावर बसली की पाय अधांतरी. आतून मशीनची घुर्रर्र ऐकू आली की ते पाय झुलायला लागायचे. मग ताई गोष्ट सुरू करायच्या. गोष्ट लागली की पाय थांबत, जराशी सैल पडली की पुन्हा झोके सुरू.

"तोंडावर जाऊ नये," ताई म्हणतात. "आईनं डोळे वटारले की पोरगं 'छान आहे' म्हणतं. पायांना असलं वळण कोणी लावत नाही."

त्या बाकड्यावरून ताईंची चौदा पुस्तकं निघाली. नोकरी संपल्यावर बाकडं गेलं, तर धाकटीचं टेबल मिळालं. धाकटी म्हणजे ताईंची बहीण. कपडे शिवते, आणि दोघी एकाच घरात राहतात. कापड बेतायचं तिचं टेबल चांगलं कमरेएवढं उंच. शेजारची पाच-सहा पोरं त्यावर ओळीनं बसवायची, ताईंनी खुर्चीत बसून वाचायचं आणि धाकटीनं खाली बुटक्या स्टुलावर बसून काजं करता करता पायांवर नजर ठेवायची. पाय हलले की ती कात्री एकदा टक् करून आपटते. ताई त्या ओळीशेजारी, समासात, एक इवलंसं पाऊल काढतात. पाच बोटांसकट. मग पक्की प्रत लिहिताना जिथे पाऊल तिथे कात्री. हळहळ नाही, काही नाही.

आमची गाठ पडली ती शनिवारच्या बैठकीत. एका पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, न विकलेल्या गठ्ठ्यांच्या मधोमध, आम्ही सातआठ लिहिणारी माणसं जमतो. एक कवी आहे, तो चहा गार झाल्याशिवाय पीत नाही. एक समीक्षक आहेत. त्यांच्या हातून लिखाणातली कुठलीही खूण अर्थाशिवाय सुटत नाही. कवीच्या संग्रहात छापखान्याच्या चुकीनं एक पान कोरं राहिलं होतं, त्या पानावर ह्यांनी बारा पानं लिहिली. कवीनं आजतागायत खुलासा केलेला नाही.

बैठकीत ताईंना मान होता, पण तो बिस्किटं आणणाऱ्या माणसाला असतो तसा. समीक्षक दर दोन महिन्यांनी विचारायचे, "ताई, मोठ्यांसाठी कधी लिहिणार?"

"मोठी माणसं भेटली की," ताई म्हणायच्या आणि डबा पुढे करायच्या.

दुकानदार वर्षाला एकच पुस्तक स्वतः छापतो. त्याची रीत ठरलेली. हस्तलिखितावर नाव नाही, आणि ते लिहिणाऱ्यानं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. कोणी काय वाचायचं ते चिठ्ठ्या टाकून. सगळी वाचून झाली की दुकानदार ठरवणार. ताईंनी तिथे कधी काही दिलं नव्हतं. पण त्या वर्षी त्यांच्या जुन्या प्रकाशकानं दुकानाला कुलूप लावलं, आणि दुसऱ्या दोघांनी "हल्ली मुलं वाचतात कुठे?" म्हणून वाटेला लावलं. तेव्हा ताईंनी बहिणीला सांगून टाकलं, "मगरीची गोष्ट शनिवारी देते. नाही लागली तर पुरे झालं. मग मी पण काजं करेन."

"माझी काजं बिघडवू नकोस," धाकटी म्हणाली. पण तिनं हस्तलिखिताला हिरव्या कापडाचं झकास वेष्टण शिवलं. कापड उरलं, म्हणून कच्च्या प्रतीलाही शिवलं. आणि घोळ झाला तो इथेच.

त्या शनिवारी तीन हस्तलिखितं होती. कवीचं दीर्घकाव्य, माझी कादंबरी आणि मगर. माझी कादंबरी वाचायची चिठ्ठी नेमकी ताईंना आली. त्यांनी दोन प्रकरणं मन लावून वाचली. मी नंतर हळूच विचारलं, "किती पावलं, ताई?"

"मोजणं सोडून दिलं हो मधेच," त्या म्हणाल्या. माणूस प्रेमळ, पण दाताच्या दवाखान्यातला.

मगर आली समीक्षकांच्या वाट्याला. नाव नव्हतं, पण मगर आणि तिचा दुखरा दात म्हटल्यावर कोणाला काय सांगायचं राहिलं? मगरीला दात ढीगभर, दुखतो एकच, आणि कुठला ते तिला कळेना. मोजायला बसवलेला पक्षी दर वेळी विसाव्या दाताला घाबरून उडतो, आणि पुन्हा एकपासून सुरुवात. समीक्षकांनी हिरवं वेष्टण उघडलं, दुसऱ्या पानावर थांबले, चष्मा पुसला, समासाकडे रोखून पाहिलं. आणि धाडकन पाय आपटला.

आम्ही दचकलो. ताईंचा चेहरा पांढराफटक. ती कच्ची प्रत होती.

समीक्षक शांतपणे पुढे वाचू लागले. पुढचं पाऊल आलं, पुन्हा धाड. लेखकानं खूण केली आहे म्हणजे ती पाळलीच पाहिजे, असा त्यांचा बाणा. एके ठिकाणी लागोपाठ दोन पावलं होती, तिथे त्यांनी उठून दोन्ही पाय आपटले. कवीनं गरम चहा पिऊन टाकला. मी हसून हसून गठ्ठ्यावरून घसरलो. मगर संपली तेव्हा सगळी खोली टाळ्या वाजवत होती.

"रचनेचा केवढा धाडसी प्रयोग!" समीक्षक धापा टाकत म्हणाले. "जिथे कथा मंदावते, नेमकं तिथे पाऊल!"

"ठरलं," दुकानदार म्हणाला. "हेच छापू. पावलांसकट."

गप्प बसल्या असत्या तर काम झालं होतं. पण ताई उभ्या राहिल्या.

"ती पावलं म्हणजे माझ्या चुका आहेत," त्या म्हणाल्या. "तिथे पोरं कंटाळली. एकोणीस ठिकाणी. तुम्ही ह्यांच्या पायाला हसलात, माझ्या मगरीला नाही."

दुकानदारानं डोकं खाजवलं. "मग पक्की प्रत आणा पुढच्या शनिवारी. साधी वाचू. तेव्हा बघू."

म्हणजे हातातलं सोडून पळत्याच्या पाठी. घरी धाकटीनं फैलावर घेतलं. "तोंड शिवून बसायला काय झालं होतं गं? दोरा नव्हता, तर माझ्याकडे मागायचास!"

"अगं, पावलांसकट छापलं असतं तर पोरांनी ती एकोणीस ठिकाणं सोसली असती का?"

"मग पुढच्या शनिवारी मी येते," धाकटी म्हणाली. "स्टूल घेऊन."

आणि आली. टेबलाच्या टोकाशी बुटक्या स्टुलावर, हातात कोणाच्या तरी सदऱ्याचं काज, मांडीवर कात्री. समीक्षक म्हणाले, गेल्या वेळी मीच वाचलं, आताही मीच वाचणार. त्यांना नाही कोण म्हणणार? ह्या वेळी समास कोरे. त्यांनी पानं उलटसुलट करून पाहिली, एक सुस्कारा टाकला आणि वाचायला लागले.

मला ती गोष्ट पाठ व्हायला आली होती. तरी पक्षी तिसऱ्यांदा उडाला तेव्हा पुढे काय होतं ते मला आठवेना, इतका मी त्या मगरीच्या जबड्यात बसलो होतो. दुकानदार हिशेबाची वही मिटून ऐकत होता. ताई कोणाकडेच बघत नव्हत्या. त्यांची नजर बहिणीच्या कात्रीवर खिळलेली.

बावीस पानं झाली. कात्री गप्प.

शेवटून दुसऱ्या पानावर टक्.

"हलले!" धाकटी म्हणाली.

"कोणाचे?" दुकानदारानं वाकून टेबलाखाली पाहिलं.

"ह्यांचेच. वाचणाऱ्यांचे. बाकी सगळ्यांचे गप्प आहेत."

समीक्षकांनी घाईघाईनं पाय खुर्चीखाली ओढले. "सवय झाली हो," ते पुटपुटले.

"सवय नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी पान आपल्याकडे ओढलं, ती ओळ मनाशी वाचली आणि पेन मागितलं. "सैलच आहे ही. पोरांच्या नजरेतून सुटली होती." आणि सगळ्यांदेखत ओळ कापली.

दुकानदारानं ते पान उचललं, कापलेल्या ओळीवरून वर-खाली नजर फिरवली. "चित्रं कोण काढणार ते सांगा," तो म्हणाला. "मगर हिरवीच ठेवू. ह्या कापडासारखी."

धाकटीनं दोरा दातानं तोडला. "कापड संपलंय," ती म्हणाली.

मगर आता दुसऱ्यांदा छापायला गेली आहे. तिचं संपादन आपण केलं, असं समीक्षक चारचौघांत सांगतात, आणि ताई मान डोलावतात. परवा ताईंनी माझी नवी कादंबरी मागून घेतली. धाकटीनं कात्रीला धार लावून आणल्याचं कळलं.