निवांत पाहुण्यांसमोरचं जाळं

आत्याचे हात विचार करत नाहीत, म्हणूनच ते चुकत नाहीत. चाळीस वर्षं ती फाटलेली जाळी विणून देते आहे. लाकडी सुई आत जाते, अंगठ्याखाली गाठ बसते, आणि त्याच वेळी आत्या शेजारणीच्या सुनेचं काहीतरी सांगत असते. गाठीकडे बघितलं की बोटं लाजतात, असं तिचं म्हणणं.

त्या सकाळी तिच्या मांडीवर बाबांचं जाळं होतं. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. खडकात अडकून जाळ्याला चटईएवढं भोक पडलं होतं. बाराला भरती पूर्ण होणार होती, आणि होडी तेव्हाच बाहेर काढता येते. पाणी उतरलं की ती पुढच्या भरतीपर्यंत चिखलात.

दहाला गाईड आठ पाहुणे घेऊन दारात उभा राहिला. किनाऱ्यावरचे जुने धंदे, जुनी घरं पायी फिरून निवांत बघायची, अशी त्यांची सहल. सगळी गल्ली सोडून त्यांना आमचंच दार आवडलं.

"आजी, जरा हळू विणा ना. गाठ दिसतच नाही," एक बाई म्हणाल्या.

"आजी कुणाची? आणि हळू विणलं तर होडी जाणार कधी, पुढच्या वर्षी?"

"फार विनोदी आहेत या," गाईडने सगळ्यांना सांगितलं.

आत्याला नाही म्हणता येत नाही, हा जुना आजार. तिने एक गाठ हळू मारली. मग व्हिडिओसाठी पुन्हा. मग उजेडाकडे तोंड करून पुन्हा. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या बोटांकडे टक लावून बघत होती, आणि बोटं बिथरली. जाळ्याची घरं लहानमोठी होत गेली. चार ओळींनंतर जाळं एका अंगाला ओढलं गेलं.

बाबा धक्क्यावरून धावत आले. "ताई, अगं पाणी काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"माझ्यावर कशाला ओरडतोस? यांच्यावर ओरड."

"दादा, तुम्हीपण फोटोत या ना," गाईड म्हणाला. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. तोही फोटो निघाला.

आत्याने चारही ओळी कापून टाकल्या. बाबा जाळं ताणून बसले, मी सुयांमध्ये दोरा भरत राहिले. शेवटची गाठ बसली तेव्हा एक वाजला होता, आणि खिडकीतून दिसणारी होडी चिखलात कलंडली होती.

आत्याने पाहुण्यांकडे वळून हात जोडले. "बसा. आता मला वेळच वेळ आहे. विचारा काय ते."

गाईडने घड्याळ बघितलं. "नाही हो. गाडी येईल आमची. ड्रायव्हर पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही."

ते भराभर चपला घालून गेले.

"दार लाव गं," आत्या मला म्हणाली. "आणि कडीसुद्धा."