वाशिमच्या सहा तोफा आन् कनेरगावचा नाका

लढायचं दोघा म्हाताऱ्यांनी आन् तोफा आणायला मोटारीत हाडं खिळखिळी करून घ्यायची मी, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते आधी सांगा. मग रामराम.

लेकीच्या सासरी हे मोठ्यानं वाचावं. कोणाला वाशिमला जायचं असलं तर कामी येईल.

आमचे मालक आन् लेकीचे सासरे, म्हंजे आमचे इवाई, या दोघांनी गोरेगावात आमच्या पडवीत पेशवाईतला समुद्रातला किल्ला रचला. माती माझी, शेण माझं, जागा माझी. इवाई किल्लेदार, मालक तीन लाकडी गलबतं घेऊन चाल करणार. गोळा म्हंजे चिंचोका, तोफेशेजारून टिचकीनं मारायचा. ठराव असा की हरला त्यानं किल्ला उचलून आपल्या घरी न्यायचा. माझी तूर खळ्यावर आलेली, मला पडवी पायजे. तवा मालकांनी जिंकणं भागच होतं.

मालकांनी गलबतांवर मातीच्या तोफा मांडल्या, दोन मोठ्या चाकांच्या. इवाई हसले. ते एकदा मुंबईला समुद्र बघून आलेत, तवापासून आमी कधी पाणीच पाह्यलं न्हाई असं बोलतात.

"गलबतावरची तोफ ठेंगणी असते, चार बारक्या चाकांची," म्हणे. "शुक्रवारपर्यंत आणा, न्हाईतर तुमी हरले."

मालकांचा गुडघा धरलेला. निघालं कोण? मी.

सोमवारी पहाटे बैलगाडीनं कनेरगाव नाका गाठला. नाक्याअलीकडं निजाम, पलीकडं वऱ्हाड. तिथून मोटार. सायबाच्या मोठ्या लढाईपायी तेल मिळत न्हाई, म्हणून मोटार कोळशावर चालते. कोळशाच्या टाकीजवळ बसू नका, लुगडं काळं होतं. चढ आला की सगळ्यांना उतरवतात, म्हणून चपला चांगल्या घाला. भाकर-ठेचा घरूनच न्या; वाटेतली भजी मी खाल्ली, तुमी खाऊ नका.

वाशिमला मामेबहिणीकडं उतरले. तिच्या गल्लीत देवाचे टाक आन् घंटा ओतणारा ओतारी आहे. पितळ आपलंच न्यावं लागतं. मी फुटका तांब्या नेला होता.

"आजी, या वयात तोफा काहून?" तो म्हणाला.

"इवाई आलेत घरी."

त्यानं मान डोलवली आन् तांब्या भट्टीत टाकला. अंगठ्याएवढ्या सहा नळ्या ओतल्या. चाकांचे लाकडी गाडे शेजारच्या सुतारानं केले. मजुरी म्हणून दोघांना मिळून पायलीभर ज्वारी दिली. गाडे एका गाठोड्यात, नळ्या दुसऱ्यात बांधल्या.

गुरुवारी परत निघाले, तर नाक्यावर शिपायानं नेमकं नळ्यांचंच गाठोडं सोडलं.

"ये क्या है, अम्मा? हथियार?"

"देव आहेत, लेकरा." तोफ म्हणाले असते तर रात्र तिथंच गेली असती. सहाही नळ्या तोंड वर करून उभ्या केल्या.

"देव के मुंह में सुराख?"

"मग निवद कुठून घालू?"

मागं तांड्यावरची एक म्हातारी उभी होती. तिनं चंचीतून कुंकू काढून सहाही देवांना लावलं, प्रत्येकाच्या तोंडात गुळाचा खडा घातला आन् जमिनीला डोकं टेकलं. शिपायानं हात जोडले. मीही जोडले. काय करता?

शुक्रवारी लढाई. जेवताना नाक्यावरचं सगळं सांगितलं होतं. मालक कुंकू पुसायला निघाले, मी हात धरला. कुंकवासकट तोफा गलबतांवर चढल्या. इवाई दर सोमवारी औंढ्याला नागनाथाला जाणारे. चिंचोका बोटावर धरून ते तसेच बसले.

"इनबाई, एवढं पुसा, मग मारतो."

"म्या काहून पुसू? तुमीच पुसा."

त्यांनी चिंचोका खाली ठेवला. मालकांनी मात्र टिचक्या मारमारून दोन बुरूज पाडले. "देव माझ्याकडून लढून राहिले," म्हणे. इवायांनी पागोटं उचललं, ही लढाई धरायची न्हाई म्हणाले, आन् तडक गाडीत बसले.

घरी येऊन काय उरलं म्हणाल तर कंबर दुखते आन् लुगड्याचा कोळसा निघत न्हाई. सहाही तोफा देवघरात आहेत, सून रोज फूल वाहते. मी तिला अडवत न्हाई. खोटं मीच बोलले होते. तूर अंगणात उघड्यावर पडली, गाई तोंड घालून राहिल्या, आन् पडवीत किल्ला जसाच्या तसा.

तो न्यायला गाडी कोणत्या दिवशी धाडता ते इवायांनी स्वतःच्या हातानं लिहावं. आमच्या इनबाईंकडून, म्हंजे त्यांच्या घरवालीकडून, लिहवून धाडलं तर मी वाचणार न्हाई.