सोंगाड्या येतो, हसवतो, जातो

माझं सगळं पोट पडण्यावर चाललेलं. नाटक मंडळीतला सोंगाड्या मी. दरबारात धोतरात पाय अडकून असा पडायचो की शिरड शहापूरपासून हिंगोलीपर्यंत लोक पोट धरून हसायचे. मग एकदा खरंच बैलगाडीतून पडलो आन् पाय कायमचा लंगडा झाला. त्यानंतर पडलो की समोरच्या बाया म्हणायच्या, "अगं बाई, लागलं का वो!" कीव आली की हसू पळतं. सोंगाड्याचं मरण म्हणतात ते हेच.

मालक भला माणूस. म्हणाले, "आता बसून नाटक लिव्हा. चाललं तर मंडळीत ऱ्हावा, न्हाई चाललं तर घरी." घरी म्हणजे दिवसभर बायकोपुढं. मी झटक्यात हो म्हणलं.

दोन महिने लिहीत बसलो. राजाला भाषणं काय, राणीला विलाप काय! बायको ज्वारी निवडता निवडता ऐकायची आन् म्हणायची, "राजाला दम लागत न्हाई व्हय?" तुला नाटकातलं काय कळतंय, असं मी मनात म्हणायचो. मोठ्यानं म्हणायची छाती नव्हती.

खेळ लागला आखाडा बाळापूरच्या बाजारात, भर दुपारी. निजामाचा अंमल, तवा खेळाला परवानगी देणारे पोलिसांचे अमीनसाहेब पुढंच खुर्ची टाकून बसलेले. माझ्या जागी नवा सोंगाड्या होता, तिथलाच एक पिंजारी, दारोदार गाद्यांचा कापूस पिंजत फिरणारा, तोंडाचा लई गोड.

राजाचं भाषण एकदाचं संपलं. पिंजारी पुढं गेला आन् नुसता उभाच. मालकांनी माझ्या हातातली वही ओढली. तिथं माझ्याच अक्षरात होतं, 'इथं सोंगाड्या येतो, हसवतो, जातो.' बस्स! मला जन्मात कुणी एक शब्द लिहून दिला नव्हता. सोंगाड्याला शब्द लागतात, हे माझ्या टाळक्यातच आलं न्हाई. तालमीतही त्याची जागा सोडूनच आमी पुढं जायचो.

खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. बघा म्हणलं, अडलं का न्हाई माझ्यावाचून! पण पिंजारी वळून वळून पडद्याकडं बघाय लागला आन् माझीच मला लाज वाटली. पडद्याआडून माझा हुकमी विनोद त्याला सांगितला. त्यानं बराबर म्हणला. कुणी हसलं न्हाई. तो माझ्या तोंडचा होता.

"अरे, तू पिंजारी हायेस! दारोदार बोलतोस तसं बोल!" मी पडद्याआडून म्हणलं.

त्याचा चेहरा खुलला. राजापुढं वाकून म्हणाला, "हुजूर, तुमच्या भाषणात लई गुठळ्या झाल्या. जरा पिंजून देऊ क्या?"

सगळा बाजार हसला. अमीनसाहेब खुर्चीत डुलून राहिले. दोन महिने घासून लिहिलेल्या माझ्याच भाषणाला हसून राहिले होते सगळे, आन् बायांत सगळ्यात मोठ्यानं माझी बायको. मला राग यायला पाहिजे होता. मी पडद्यामागं एकटाच हसत होतो आन् डोळे पुसत होतो.

खेळ संपल्यावर पिंजारी पाया पडायला आला. मी त्याला धरून बसवलं, वहीतून राजाच्या भाषणाचा कागद टर्रकन फाडून काढला आन् कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली.

"सांग गड्या, तुझी बायको तुला काय काय बोलती?"

"उससे क्या होगा, उस्ताद?"

"नाटक," मी म्हणलं.