दौलतकाकांनी बायजी लावली

घोलवडला दौलतकाकांकडे गेलं की मत आधी मिळतं आणि चहा उशिरा. "बस दीपेश. हे ऐक. आणि पाय हलवू नकोस, तुझा ठेका चुकतो," असं म्हणाले की समजायचं, आज स्वारी खुशीत आहे.

तरुणपणी ते लग्नांना भोंगे पुरवायचे. त्या काळात डहाणूपासून तलासरीपर्यंत ज्याची झोप काकांच्या भोंग्याने मोडली नाही, तो माणूस एक तर बहिरा होता किंवा गुजरातेत राहत होता. पुढे कॅसेट आली, मग डीजे आला, भोंगे भंगारात गेले. रेकॉर्डी मात्र राहिल्या आणि वाढत गेल्या. कुणाच्या माळ्यावरच्या, कुणाच्या वारलेल्या आजोबांच्या, जिथून मिळतील तिथून काका उचलून आणायचे. ज्या खोलीत चिकूचे क्रेट असायला हवेत तिथे त्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या. रखमाकाकू म्हणायच्या, "चिकू निदान पिकतो तरी. ह्यांचा माल वर्षानुवर्षं तसाच."

काकांचं प्रत्येक रेकॉर्डीवर मत होतं आणि ते बदलत नसे. "लाँगप्ले म्हणजे संसार. दोन गाणी गोड, बाकीची निभवायची. छोटी रेकॉर्ड म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसलेली बाई. उतरता येत नाही म्हणून ती जन्मभर सुंदर."

"कुठल्या एसटीतून?" काकू आतून.

नाट्यसंगीताचे जुने तवे, त्या तीन मिनिटांच्या जड रेकॉर्डी, लावताना ते आधीच हसायला लागत. गवई पहिल्या ओळीवर इतका रेंगाळतो, की शेवटचा अंतरा गाडी सुटल्यासारखा पळत म्हणतो. गरब्याच्या रेकॉर्डीला दोन बाजू नसतातच, एकच बाजू दोनदा असते. गझल उत्तम, पण गाणारा दुःखात नाही, दुःखाच्या दुकानात बसलाय. कोळीगीतांत समुद्र खरा, होडी खरी, माणसं मात्र ताज्या इस्त्रीची. डिस्कोवर मी हसलो की ते चिडायचे. "त्यातला ढोल ऐक. तो एकटा प्रामाणिक आहे, बाकी सगळे त्याच्या मागे लपलेत." एका इराणी वाडीवाल्याने गाव सोडताना दिलेली इंग्रजी लाँगप्लेही होती. "हा रागावलाय हे कळतं, कुणावर ते कळत नाही. पण शेवटच्या गाण्यात तो रडतो. आधीच रडला असता तर एवढी गिटार फुकट गेली नसती."

पण खरं त्यांना गाण्यापेक्षा दुसरंच काही ऐकायचं असायचं. सुई टेकली की ते बोट वर करायचे. "थांब. आता श्वास घेईल." आणि खरंच, खरखरीतून कुणीतरी श्वास घ्यायचं. "गाणं सगळ्यांना येतं. श्वास त्याचा एकट्याचा. आणि हा माणूस मरून किती वर्षं झाली सांग." दुपारच्या वेळी, चिकूच्या सावलीने काळोख्या झालेल्या त्या खोलीत मेलेल्या माणसाने श्वास घेतला की मी दचकायचो. काका मुद्दाम माझ्याकडे बघायचे.

एका रेकॉर्डीची मात्र ते थट्टा करत नसत. बायजीच्या.

बायजी गंजाडची धवलेरी. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी असते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला की ती त्याच्यापुढे बसून गाण्याने देवांना बोलावते, लग्न लावते, आणि शेवटी गाण्यानेच त्यांची बोळवण करते. बायजी तरुण असताना मुंबईहून कुणी आवाज टिपणारा आला, त्याने तिला गायला लावलं आणि एक छोटी रेकॉर्ड काढली. त्या एवढ्याशा रेकॉर्डीत माणूस किती गाणार? एका बाजूला बायजी देवांना बोलावते, आणि बोलावता बोलावताच तिचा आवाज बारीक होत नाहीसा होतो. मागच्या बाजूला नुसता तारपा वाजतो. बोळवण नाहीच.

"काढणाऱ्याचा गाढवपणा," काका म्हणायचे. "पण घरात एवढी माणसं गातात ना, त्यांतली ही एकटीच माझ्यासाठी गात नाही."

त्या रेकॉर्डीला एक चरा होता. बायजी 'ये' म्हणते तिथे सुई अडखळायची, टक्‌ वाजायचं, आणि तिचं 'ये' तीनदा यायचं. ये, टक्‌, ये, टक्‌, ये. काकांना तो चराही आवडायचा.

२०१८च्या पावसात बायजी वारली. दिवाळी झाली आणि कैनाडला चिमीचं लग्न निघालं. चिमी धाकल्याची मुलगी, आणि धाकल्या म्हणजे काकांच्या वाडीत आयुष्यभर चिकू उतरवलेला माणूस. काकांनी आपला बॅटरीवरचा जुना प्लेअर नेला होता, डीजे यायच्या आधी पोरीसाठी दोन रेकॉर्डी वाजवू म्हणून. धवलेरी म्हणून येणार होती बायजीची मुलगी सुकी. पण ती आदल्या दिवशी तलासरीकडच्या एका लग्नात गेलेली, आणि तिथून निघायला तिला वाहन मिळेना. चौक लिहून तयार, चिमी हळद लावून बसलेली, आणि नवऱ्याकडची मंडळी मांडवात कुजबुजायला लागली.

धाकल्या काकांपाशी आला. "शेठ, बायजी हाय ना तुमच्याकडं?"

"आहे की. पिशवीतच आहे."

"मग लावा ना. तिच्याहून मोठी धवलेरी कोन?"

काकांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. आयुष्यभर लोकांना धरून धरून ऐकवलं त्यांनी, आपणहून मागणारा हा पहिलाच. त्यांनी रेकॉर्ड शर्टाला पुसली, प्लेअर चौकासमोर दारात ठेवला आणि सुई टेकवली.

बायजीने श्वास घेतला. म्हाताऱ्यांनी पदर पुढे ओढले. पावसाळ्यात जिला पुरून आले तिचाच गळा घरातून येत होता. चिमी प्लेअरकडे बघत नव्हती. ती दाराच्या वरच्या अंधाऱ्या भागाकडे बघत होती, कुणी वाकून आत येत असल्यासारखी. ये, टक्‌, ये, टक्‌, ये. मग आवाज बारीक झाला, गेला. म्हाताऱ्यांनी तांदूळ टाकले, लग्न लागलं, डीजे सुरू झाला.

सुकी संध्याकाळी पोचली. चौकाकडे बघितलं, प्लेअरकडे बघितलं. "बोलावलं कोनी?"

कुणीतरी काकांकडे बोट केलं.

"मग पाठवलं कोनी?"

डीजेवाल्याने आवाज कमी केला.

"तू पाठव ना," धाकल्या म्हणाला.

"मी नाय बोलावलं. जो बोलावतो तोच पाठवतो," सुकी म्हणाली, पाणी प्यायली आणि गेली.

"रागावली," काका परतताना म्हणाले. "कलाकार आहे." पण तेवढंच. एरवी वाटभर त्यांचं तोंड बंद नसतं.

आणि त्याच आठवड्यात जमीन हलायला लागली. तो हिवाळा आमच्याकडे कुणी विसरणार नाही. जमिनीखालून गुरगुर यायची, मग धडाम, मग पत्रे वाजायचे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने. लोक घरं सोडून तंबूत झोपायला लागले, शाळा झाडाखाली भरायला लागल्या. काकांनी पहिल्या धक्क्यावरही मत दिलं, "बेस फार आहे." दुसऱ्या वेळी रेकॉर्डींची अख्खी रांग कोसळली. काही तवे फुटले. काकांनी तुकडे मुकाट्याने झाडूने गोळा केले, एक शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हा मला कळलं, माणूस घाबरलाय.

बायजीची रेकॉर्ड फुटली नव्हती. मी बघितलं, कारण काकांनी आधी तीच बघितली.

धाकल्या ओट्यावर बसेनासा झाला होता. काम करायचा, लांबून हात करायचा, जायचा. एका सकाळी आपणहून आला आणि उभाच राहिला.

"चिमीला परत धाडलं."

"कुणी?"

"सासूनं. जमनानं." त्याने टोपी काढली. "तिकडं सगळी तंबूत झोपतात ना. पोर झोपेत बोलते."

"काय बोलते?"

धाकल्याने जमिनीकडे बघत म्हटलं, "ये." मग जिभेने टाळ्याला टक्‌ केलं. "ये." टक्‌. "ये."

रखमाकाकू आतून बाहेर आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. काका हळूच खुर्चीत बसले. तो चरा बायजीच्या गळ्यातला नव्हता. तो फक्त काकांच्या रेकॉर्डीत होता.

"जमना म्हनते, पोर चांगली हाय, कामाची हाय. पन ती बोलावते त्यांना आम्ही निजवू कुठं? तंबू लहान. बोळवन झाली तर आना, नायतर ठेवा तुमच्याकडंच."

"आणि नविन? नवरा काय म्हणतो?"

"आईपुढं काय म्हननार?"

त्याच दुपारी काका माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही गंजाडला गेलो. सुकी अंगणात पेंढा रचत होती. काकांनी सगळं सांगितलं, हात जोडले. "तू एकदा येऊन बोळवण कर."

"सांगितलं ना. जो बोलावतो तो."

"अगं, बोलावलं तुझ्या आईने."

"आईचा गळा. हात तुझा." तिने पेंढ्याचा भारा खाली ठेवला. "आई एकदाच ये म्हनायची. तुझ्या तव्यानं तिनदा म्हटलं. येवढ्या आग्रहानं बोलावल्यावर कोन उठून जाईल?"

"म्हणून जमीन हलतेय का?" मी विचारलं.

"ते सरकारला विचार," सुकी म्हणाली. "मी पोरीचं बोलते."

मग तिने काय करायचं ते सांगितलं. काका तव्यावर बायजी लावतील. जिथे ती थांबते तिथून पुढे सुकी एकेक ओळ सांगेल, आणि काका ती म्हणतील. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

"मी?" काका म्हणाले. "गाऊ?"

"लोकांचं ऐकून नावं ठेवतोस ना? आता ऐकव."

हे तिला कुणी सांगितलं असेल मला माहीत नाही. सगळ्या तालुक्याला माहीत असावं. काका वाटेत एवढंच म्हणाले, "दीपेश, मी आंघोळीतसुद्धा गुणगुणत नाही रे. मला माहीत आहे मी कसा आहे."

दुसऱ्या दिवशी कैनाडला गेलो, तर धाकल्याच्या घरात भिंतीवर चौक तसाच होता, पीठ कडेने झडलेलं. चिमी त्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बारीक झालेली. पाड्यातली माणसं अंगणात जमली, घरात शिरायला कुणी तयार नव्हतं. नविनही आला होता, आईला न सांगता, सगळ्यांच्या मागे उभा.

काकांनी प्लेअर दारात ठेवला. बायजीने श्वास घेतला. तिच्या 'ये'पाशी सुई अडखळली तेव्हा चिमीचे ओठ हलले. आवाज बारीक होत गेला आणि सुई रिकाम्या रेघेवर खरखरायला लागली. काका सवयीने सुई उचलायला वाकले, तर सुकीने त्यांचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. आई हाय तिथं." आणि तिने पहिली ओळ सांगितली.

काकांनी तोंड उघडलं. आवाज म्हणजे, विहिरीत रिकामा डबा पडल्यासारखा. अंगणात एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. काका लाल झाले, पण थांबले नाहीत. दुसरी ओळ, तिसरी. खालून ती खरखर चालूच. ते गाणं काय आहे हे मी लिहीत नाही, सुकीने तेवढं बजावलंय. पाहुण्यांना वाट दाखवतात तसं ते आहे, नदी कुठे ओलांडायची, डोंगर कुठल्या हाताला ठेवायचा.

मध्येच जमीन गुरगुरली. मग धक्का. फळीवरची भांडी खाली आली, अंगणातली माणसं ओरडत घरापासून लांब धावली, मीही धावलो. मागे वळून बघितलं तर सुकी जागची हलली नव्हती, आणि काका एका हाताने दाराची चौकट धरून, डोळे मिटून, बेसूर, गात होते. सुईने धक्क्यातही रेघ सोडली नव्हती. आता कुणी हसत नव्हतं.

शेवटची ओळ झाली. सुकी म्हणाली, "आता फिर आनि चल. मागं बघायचं नाय. कोनीच नाय."

"सुई," काका म्हणाले. आयुष्यात त्यांनी रेकॉर्डीवर चालती सुई टाकून खोली सोडली नव्हती.

"चल."

ते चालायला लागले. मी त्यांच्या शेजारी, धाकल्या, त्याच्या मागे चिमी, सुकी, सगळा पाडा, पाठ घराकडे करून. मागून खरखर येत होती. काकांचा श्वास मला ऐकू येत होता, त्या खरखरीच्या तालात. वाटेवरच्या आंब्यापर्यंत आलो असू. आणि मागची खरखर थांबली. हळूहळू नाही, सुई उचलल्यावर थांबते तशी.

काकांची मान वळता वळता राहिली. आम्ही चालत राहिलो.

जमीन त्यानंतरही हलत राहिली, मार्चमध्येही हलली. पण दोन आठवड्यांनी धाकल्या प्लेअर आणि रेकॉर्ड गोणपाटात गुंडाळून घेऊन आला आणि कितीतरी दिवसांनी ओट्यावर बसला. चिमीला नविन येऊन घेऊन गेला, म्हणाला. शांत झोपते, आता सासूच घोरते अशी तक्रार आहे तिची. रखमाकाकूंनी त्याला चहा दिला, काकांच्या आधी.

"एक बरं केलं शेठ," कप ठेवताना तो म्हणाला, "निघताना बंद करून निघालात ते. आम्ही चौक पुसायला गेलो तर सुई आपल्या जागेवर व्यवस्थित ठेवलेली. आमाला कुठं येतं तसं ठेवायला."

धाकल्या गेल्यावर मी म्हटलं, "बॅटरी संपली असेल."

काकांनी प्लेअर मांडीवर घेतला. बटणावर त्यांचं बोट होतं. दाबलं असतं तर कळलं असतं. थोड्या वेळाने त्यांनी बोट काढलं आणि प्लेअर तसाच क्रेटच्या खोलीत नेऊन ठेवला. मीही दाबून बघितलं नाही.