शिडीवरून आलेला रंगरूट

एकोणीसशे पन्नास साल उलटलं आणि माझी बदली कल्याण कॅम्पातल्या भरती केंद्रावर झाली. मी हवालदार. पोरांना खांबाशी उभं करून उंची मोजायची, एवढंच काम. उंचीसाठी लोक काय काय करत! कुणी चिंचेच्या फांदीला लोंबकळून येई, कुणी मुद्दाम डोक्यावर टेंगूळ आणून घेई. टेंगळासकट मोजत नाहीत, हे सांगून सांगून मी थकलो.

बाळाराम खाडीकाठच्या मिठागरावरचा. पाव इंचाने दोनदा परत गेलेला. त्याला मिठागरात जन्म काढायचा नव्हता. रात्रभर झोपलं की माणूस थोडा लांबतो आणि उभा राहिला की पुन्हा दबतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं. ते खरंही आहे. म्हणून बापाने आणि तीन चुलत्यांनी पहाटे त्याला अंथरुणावरूनच उचलून बांबूच्या शिडीवर बांधलं, ऊन लागू नये म्हणून तोंडावरून चादर ओढली आणि खांद्यावर घेऊन निघाले. बोलल्या-हसल्यानेही अंग आखडेल, म्हणून सगळे मुकाट.

घोळ झाला कल्याणच्या बाजारात. दुकानदारांनी टोप्या काढल्या. येणारे-जाणारे खांदा देऊ लागले. कुणी गुलाल उधळला. बाप काही बोलेना, कारण खरं सांगितलं तर लोक हसणार आणि चादरीखाली पोरगाही हसणार.

मी गेटवर होतो. समोरून रामनाम घेत पंचवीसेक माणसं आली.

"थांबा! काय आहे हे?" पहारेकरी ओरडला.

चादरीखालून आवाज आला, "भरतीला आलूय, सायेब."

माणसं चपला टाकून पळाली. मीही दोन पावलं मागे सरलो, खोटं कशाला सांगू? खांबाशी उभा केला तेव्हा त्याच्या कपाळावर गुलाल होता आणि हात थंडगार. उंची भरली. मी "पास" म्हटलं. बाप मात्र रडत होता.

"सायेब, तिरडीवरनं उठलेल्याचा पाय आमच्यात घरात घेत नाय. याला आता तुमीच ठेवा."

पुढे मी युनिटला परतलो आणि बाळाराम माझ्याच सेक्शनमध्ये आला. रजेवर गेला की तो घराच्या ओट्यावरच जेवे, तिथेच झोपे. आई उंबऱ्याआडून ताट सरकवी. हे त्याने मला एकदाच सांगितलं आणि तोंड फिरवलं. फार वाईट वाटलं मला.

आमची चौकी उत्तरेकडे, बर्फात. एका दुपारी धुकं उतरलं. बाळाराम वायरलेस घेऊन गस्तीच्या पुढे गेला होता.

"पुढे कोणीतरी आहे. ओव्हर."

"किती माणसं? ओव्हर," मी विचारलं.

"चार. खांद्यावर कायतरी आडवं घेतलंय. चेहरे दिसत नाहीत. ओव्हर."

"आडोसा घे! परत सांगतो, आडोसा घे!"

गोळ्यांचा आवाज आला. मग नुसती खरखर. आम्ही पोचलो तेव्हा तो उताणा पडला होता, अगदी सरळ. आजूबाजूला दुसऱ्या कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. नवा बर्फ पडल्याने ठसे बुजले, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं.

अस्थी घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. सगळं गाव अंगणात जमलं होतं. आई उंबऱ्याआत उभी होती.

"सायेब, नीट बघितलंव ना? या खेपेला उठला नाय ना तो?"

"नाही, आई."

तिने पुढे होऊन माझ्या हातातलं मडकं घेतलं, पदराखाली धरलं आणि घरात नेलं. अस्थी घरात नेत नाहीत, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी तिला अडवलं नाही.