साहेबांचा सत्कार

सत्कार करायचा तर परिचय वाचायलाच हवा, आणि तो लांबलचक हवा, ही आपली रीत आम्ही इंग्लंडातल्या ब्रॅकनेललाही सोडली नव्हती. त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाला मराठी मंडळाच्या अध्यक्षकाकांनी आपल्या गोल्फ क्लबातले एक निवृत्त ब्रिटिश राजदूत पाहुणे म्हणून पकडून आणले होते. परिचय माझ्याकडे दिला, तोही मुद्दाम.

बायकोला सातवा महिना होता. तिची आई कधीच गेलेली, म्हणून बाळंतपणाला माझी आई पुण्याहून येणार होती. तिचा व्हिसा नाकारला गेला. विधवा, एकुलता एक मुलगा इंग्लंडात; परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं पत्र आलं. काका म्हणाले, "अरे, हे साहेब इंडियात टॉप पोस्टला होते. तू परिचय वाच, इम्प्रेशन पडेल, मग हळूच विषय काढ. त्यांचा एक फोन गेला ना, की काम फत्ते!" आणि माझ्यासारख्या इंजिनिअर माणसाला हे पटलं! वशिल्यावरची श्रद्धा आम्ही सामानातून बांधूनच आणली होती.

तीन संध्याकाळी खपून मी त्या माणसाची कारकीर्द लिहिली. आफ्रिकेतली पहिली नेमणूक, मग आपल्याकडची वर्षं, दोन देशांत राजदूत, शेवटी राणीच्या हातून किताब. 'मुत्सद्दी', 'भारतमित्र', 'ऋषितुल्य' असे शब्द घातले. ऋषितुल्य! आज ते आठवलं तरी शिसारी येते. वर इंग्रजी भाषांतरही मीच वाचलं, त्यांना कळावं म्हणून.

शाल, श्रीफळ झालं. साहेब बोलायला उठले. गोड आवाज, दोन-चार हिंदी शब्द, टाळ्या. मग रंगात येऊन त्यांनी व्हिसा खिडकीचा किस्सा सांगितला. रोज कुणाची तरी आई यायची म्हणे, सुनेचं बाळंतपण आहे सांगत. खिडकीवरच्या नव्या पोरांना खरं-खोटं ओळखता यायचं नाही. तेव्हा साहेबांनी त्यांना एक युक्ती शिकवली: प्रेमाने विचारायचं, आजी, घरी तुमची वाट बघायला कोण आहे? कोणी नाही म्हणाली, की नकाराचा शिक्का मारायचा. "अर्जाची पानं चाळायचीसुद्धा गरज नाही," साहेब म्हणाले.

हॉल हसला. पैठण्या नेसलेल्या बायका हसल्या, फराळाची ताटं मांडीवर घेतलेले पुरुष हसले. यातल्या अर्ध्यांच्या आया त्याच खिडकीशी उभ्या राहिल्या असतील. माझ्या आईला नेमका हाच प्रश्न विचारला होता. फोनवर ती म्हणाली होती, "किती प्रेमाने चौकशी केली रे त्या मुलाने. मी सांगितलं, कोणी नाही बाबा." आणि मी? मीही हसलो. पहिल्या रांगेत बसून, दात काढून हसलो. साहेबांची किळस आली हे खरं, पण त्याहून जास्त आली ती माझ्या स्वतःच्या हसण्याची.

कार्यक्रम संपल्यावर काकांनी मला कोपराने ढकललं. "जा, बोल आता!" साहेब बोटाला लागलेलं चकलीचं तेल रुमालाला पुसत होते. खिशात आईच्या नकारपत्राची कॉपी होती. मी पुढे झालो आणि म्हणालो, "वंडरफुल स्पीच, सर." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

बायको हॉलच्या दाराशी खुर्चीवर बसली होती, पाय सुजलेले. गाडीत तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"रिटायर झालेत ना, आता त्यांच्या हातात काही नाही म्हणाले."

दुसऱ्या दिवशी फोनवर आईलाही तेच सांगितलं. ती माझीच समजूत काढत म्हणाली, "जाऊ दे रे. एवढ्या मोठ्या माणसासमोर माझ्यासाठी शब्द टाकलास, त्यातच मला सगळं मिळालं."