पुकारा झाला तेव्हा मी तिथेच होते

“ए फडका, इकडे ये. सायबांच्या बुटावर चहा सांडलाय.”

कोलशेतच्या कंपनीत मी लादी पुसायची. म्हणून फडका. सुपरवायझरने पाडलेलं नाव, मग साहेबापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. वर हसायचे मेले. मी ओ द्यायची. पोटासाठी द्यायची.

त्या दिवशी गुडघ्यावर बसून बूट पुसत होते. साहेब पाय हलवत फोनवर बोलत होता. काय झालं कुणास ठाऊक, उठलेच. म्हटलं, “साहेब, मला नाव आहे.”

दुसऱ्या दिवशी गेट बंद. उद्धट म्हणे!

ठाण्याच्या लेबर कोर्टात केस टाकली. तारखेला टिटवाळ्याहून सगळ्यांच्या आधी पोचले, दाराबाहेरच्या बाकड्यावर बसले. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. शिपायाने पुकारा केला. पुन्हा केला. मला वाटलं, असेल कोणी बाई, येईल.

ती बाई मीच होते हो!

माझं लग्नातलं नाव. नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. तिथून ते कागदावर गेलं नि तिथेच राहिलं. माहेरी जुनंच नाव. सासूचं ‘अगं ए’. नवरा वारला तोही ‘ऐकलंस का’ म्हणतच. आणि कंपनीत दिवसभर फडका. त्या नावाने मला कुणी हाकच मारली नव्हती. शेवटी शिपायाला विचारलं, तेव्हा कळलं. केस खारीज. कारण काय, तर अर्जदार गैरहजर.

त्याच बाकड्यावर ढसाढसा रडले. नोकरी गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

वकील आले. म्हणाले, “मावशी, संपलं नाही अजून. केस परत उभी करायला अर्ज देता येतो, पण मुदतीत. तो फेटाळला तर वर जाता येतं. गैरहजेरीला कारण तेवढं लागेल. आजारी होतात म्हणू. नौपाड्यात ओळखीचे डॉक्टर आहेत, दाखला देतील.”

“आजारी नव्हते मी. हजर होते.”

“मग काय लिहू? बाईला स्वतःचं नाव माहीत नव्हतं?” ते हसले.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. बुटापाशी बसून रोज ऐकलेलं.

“तेच लिहा,” म्हटलं. “फडका म्हणायचे तेही लिहा. लाज वाटत असेल तर सांगा, दुसरा वकील बघते. इथे नाही ऐकलं तर वरच्या कोर्टात जाईन.”

घरी येऊन पोरीला सांगितलं, रोज मला हाक मार. आई म्हणून नको. कागदावरच्या नावाने, पूर्ण, त्या शिपायासारखी मोठ्याने.

हाक मारता मारता पोर रडायला लागते. मी रडत नाही. उठून उभी राहते. म्हणते, हजर.